डाव्या हाताची वीत

ऑर्लिन हाउगेन हट्टी होता. त्याच्याबद्दल सांगायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी, कारण बाकीचं सगळं त्या हट्टाच्या मागून आलं. सत्तावीस वर्षं तो आमच्या स्टीमर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा पारखी होता, म्हणजे नवे खेळाडू हेरणारा. मिनेसोटा, दोन्ही डकोटा आणि विस्कॉन्सिनचा वरचा भाग त्याच्याकडे. ऑगस्ट ते नोव्हेंबर गाडीतच राहायचा म्हणा ना. छोट्या छोट्या कॉलेजांच्या मैदानांवर गोलपोस्टच्या मागे एकटा उभा राहून पोरांचा खेळ बघायचा आणि वहीत पेन्सिलीने लिहायचा. पेनातली शाई गोठते म्हणून पेन्सिल. दुसऱ्या कुठल्या संघाचा पारखी शेजारी येऊन गप्पा मारायला लागला, की हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चालू लागायचा.

"अरे, एवढा कसला माणूसघाणेपणा?" मी एकदा म्हटलं.

"माणसंच बघायला जातो की मी," तो म्हणाला. "बोलायला नाही जात."

मी मार्लीस. स्टीमर्सच्या डुलुथच्या कचेरीत एकतीस वर्षं झाली मला. पत्रं, फाइली, विमानाची तिकिटं, सगळं बघते, पण माझं खरं राज्य म्हणजे भिंत. वरच्या मजल्यावर एक अख्खी भिंत लोखंडी पत्र्याची आहे. त्या वर्षी कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या तीन-चारशे पोरांची नावं चुंबकाच्या पट्ट्यांवर छापून तिथे लावलेली असतात. उत्तम तो वर, बरा तो खाली. एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट होतो, देशातले सगळे संघ पाळीपाळीने एकेक पोरगा उचलतात, आणि आमची माणसं त्या भिंतीकडे बघून आपला ठरवतात. ज्याची पट्टी भिंतीवरून उतरली, तो आमच्यापुरता संपला. पट्ट्या मी छापते, मी कापते, मी लावते आणि मीच उतरवते. उतरवलेल्या पट्ट्या बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात ठेवते. टाकवत नाहीत मला. कुणाच्या तरी पोराचं नाव असतं ते.

ऑर्लिनने निवडलेली पोरं आमच्याकडे बरीच खेळली. दांडगे अडवणारे, धावणारे, एक लाथ मारणारा तर अकरा वर्षं टिकला. पण क्वार्टरबॅक एकही नाही. सत्तावीस वर्षांत त्याच्या वहीतला एकही क्वार्टरबॅक संघाने घेतला नव्हता. सगळ्या खेळाची सूत्रं ज्याच्या हातात, तो पोरगा आपण हेरलेला असावा, एवढी एकच हाव त्या माणसाला होती. नाताळच्या जेवणात हेरिंग माशाची बशी पुढ्यात घेऊन तो मला म्हणाला होता, "एक क्वार्टरबॅक मिळू दे, मार्लीस. मग मला घरी बसवा खुशाल."

आणि त्याला तो सापडला होता. अडान ओल्गिन. क्रूकस्टनचा, साखरेच्या बीटच्या शेतात राबणाऱ्या घरातला, पलीकडे नॉर्थ डकोटात एका चिमुकल्या कॉलेजात खेळणारा. ऑर्लिन त्याचे सहा सामने बघून आला. एरवी दोन ओळींत पोराची वासलात लावणारा माणूस, ओल्गिनवर साडेतीन पानं लिहून बसला. ती पानं टाइप करताना मला हसू आवरेना.

मग फेब्रुवारीत ऑर्लिन त्याचं मोजमाप घ्यायला गेला, आणि तिथेच सगळं फिसकटलं. उंची ठीक, वजन ठीक, पण वीत साडेआठ इंच एक सूत. आमच्याकडे नियम आहे, नऊ इंचांखाली वीत असलेला क्वार्टरबॅक घ्यायचा नाही. त्यात चूक काही नाही. डिसेंबरात डुलुथच्या सरोवरावरून वारा सुटतो तेव्हा चेंडू साबणासारखा निसटतो, आणि लहान हातांच्या पोरांनी आमचे सामने घालवलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. ऑर्लिनने आकडा इमानाने लिहून दिला. मी पट्टी उतरवली आणि डब्यात टाकली. तो दारात उभा राहून बघत होता.

"आकडा तो आकडा," एवढंच म्हणाला आणि खाली जाऊन गाडीवरचा बर्फ खरवडत बसला.

इकडे आमचा जुना क्वार्टरबॅक खांदा निकामी होऊन घरी बसला होता आणि त्याच्या जागी कुणीच नव्हतं. संघाचे मॅनेजर डेक्लन प्रुएट. वय एक्केचाळीस, टेनेसीहून आलेले, तीन हिवाळे काढले तरी बर्फात पातळ तळव्यांचे बूट घालून घसरणारे. त्यांनी एक तोड काढली. टेक्सासच्या संघाकडून मॅडॉक्स रेन घ्यायचा. नाव मोठं, वय तेहतीस, कोपरावर दोनदा सुरी फिरलेली. बदल्यात आमच्या पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या निवडी त्यांना देऊन टाकायच्या. म्हणजे दोन वर्षं देशातली उत्तम पोरं उचलली जात असताना आम्ही तोंडाकडे बघत बसायचं. शुक्रवारी सह्या व्हायच्या होत्या, आणि ड्राफ्ट त्याच्या पुढच्या गुरुवारी.

त्या मंगळवारी सकाळी ऑर्लिन माझ्या टेबलापाशी येऊन बसला. मी नव्या पट्ट्या कापत होते. चुंबकाचा तो कागद जाड असतो, कात्री नीट चालत नाही, म्हणून मी एका हाताच्या मुठीने कागद टेबलावर दाबून धरते आणि दुसऱ्याने कात्रीला जोर लावते. बघता बघता ऑर्लिनचा चेहरा उतरला.

"मार्लीस, तू कुठल्या हाताने कापतेस?"

"डाव्या. एवढ्या वर्षांत आज दिसलं होय तुला?"

तो उठला. खाली गेला आणि त्याची फेब्रुवारीची वही घेऊन आला. वहीतलं पान माझ्यापुढे ठेवलं. पेन्सिलीत लिहिलं होतं: वीत, उजवा हात, साडेआठ एक सूत, करंगळी पूर्ण उघडत नाही.

"ओल्गिन डावखुरा आहे," तो म्हणाला.

मला आधी कळेचना. "मग?"

"मग काय मग! चेंडू फेकतो डाव्या हाताने आणि मी मोजला उजवा. सहा सामने बघितले मी त्याचे. सहा! आणि टेबलापाशी बसल्यावर म्हणालो, उजवा हात ठेव." त्याने वही मिटली. "आमच्याकडे डावखुरा क्वार्टरबॅक कधी आलाच नाही ग. सगळ्यांचा उजवाच मोजत आलो."

तो कोट आणायला गेला तेव्हा मी खालचा खण उघडला. मोजमापाचा कोरा फॉर्म काढला. सातवी ओळ: वीत (उजवा हात). तो फॉर्म मी टाइप केला होता, एकोणीस वर्षांपूर्वी. तेव्हाच्या साहेबांनी तोंडी सांगितलं होतं, "हाताची वीत घाला." उजवा हे माझं मीच घातलं, कारण तोवरचे सगळे आकडे उजव्या हाताचे होते आणि ओळ रिकामी बरी दिसत नव्हती. मी स्वतः डावखुरी, आणि मीच ते लिहिलं. मी फॉर्म परत खणात ठेवला आणि खण बंद केला.

फेरमोजणीला आमच्याकडे संघातल्या दुसऱ्या माणसाची सही लागते. दुसऱ्या एकाही पारख्याला ऑर्लिनबरोबर जायचं नव्हतं. ड्राफ्ट झाला की मे महिन्यात पारख्यांचे करार संपतात, आणि प्रुएट साहेबांच्या मनाविरुद्ध गाडीत बसलेला माणूस कुणाला व्हायचंय?

"तू संघाची माणूस आहेस ना?" ऑर्लिन मला म्हणाला. "पगारपत्रकावर नाव आहे ना? मग चल."

बुधवारी पहाटे सहाला आम्ही निघालो. एप्रिलचा तिसरा आठवडा आणि रस्त्यावर बर्फ आडवा उडत होता. हायवे दोन सरळ पश्चिमेला जातो. ऑर्लिन स्टिअरिंगला छाती टेकवून गाडी चालवत होता. ट्रकवाले रस्त्याच्या कडेला थांबले होते, हा थांबेना.

"थांब जरा, पुढचं दिसत नाहीये," मी म्हटलं.

"मला दिसतंय."

"काय दिसतंय?"

"शुक्रवार," तो म्हणाला.

फॉर्मचं सांगून टाकावं असं वाटेतल्या बेमिजी गावापर्यंत तीनदा मनात आलं. तोच मधे म्हणाला, "मोजमाप चुकलं नव्हतं ग माझं आजवर." तेव्हा तर ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, "होतं असं कधी कधी," आणि त्याला कॉफी ओतून दिली. भित्री आहे मी, त्याला काय करणार.

ओल्गिनांचं घर साखर कारखान्याच्या मागच्या गल्लीत. आईने आम्हाला ओल्या बुटांसकट आत घेतलं, भाकरीसारखी तव्यावरची तोर्तिया आणि अंडी पुढे ठेवली आणि खाल्ल्याशिवाय मोजमाप होणार नाही असं ठणकावून सांगितलं. अडान बावीस वर्षांचा, दारात मावत नव्हता. ऑर्लिन उभ्या उभ्या दोन घास खाऊन टेप काढून बसला.

"डावा हात ठेव, बाळा."

अडानने हात ठेवला. ठेवताना हळूच म्हणाला, "सर, त्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं होतं, हे बोट नीट उघडत नाही. लहानपणी बीटच्या ट्रकच्या फळीत सापडलं होतं. तुम्ही म्हणालात, ठेव म्हणतो ना."

"मग मी डावखुरा आहे असं का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सहा सामने बघायला आला होतात, सर. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

त्याची आई चुलीपाशी तोंडाला पदर लावावा तसा फडका लावून हसायला लागली. मीही हसले. ऑर्लिन नाही हसला. त्याने अंगठ्याच्या टोकावर टेप धरली, करंगळीपर्यंत ताणली, वाकून वाचलं, सोडली, पुन्हा धरली. तीनदा मोजलं.

"सव्वानऊ एक सूत," तो म्हणाला. "मार्लीस, तू वाच."

मी वाचलं. सव्वानऊ एक सूत. मी सही केली, आणि पोराच्या आईने टेबल पुसून पुन्हा तोर्तिया आणल्या.

गुरुवारी सकाळी नऊला वरच्या खोलीत सगळे जमले. मी नेहमीप्रमाणे भिंतीपाशी पट्ट्यांचा डबा घेऊन उभी. ऑर्लिनने कागद प्रुएट साहेबांपुढे ठेवला आणि सरळ सांगितलं, "ओल्गिनची वीत मी चुकीची लिहिली होती. त्याचं नाव भिंतीवर परत लावा. चौथ्या फेरीत मिळेल. रेनसाठी दोन वर्षं विकू नका."

कोच बोडीन खुर्चीत वळले. "डावखुरा ना तो? डावखुरा फेकायला वळला की त्याची पाठ उजवीकडे होते, तिकडून येणारा त्याला दिसत नाही. सगळी संरक्षणाची भिंत उलटी करावी लागेल मला. एका चौथ्या फेरीच्या पोरासाठी?"

"तुमचा उजवीकडचा अडवणारा डावीकडच्यापेक्षा चांगला आहे," ऑर्लिन म्हणाला. "हे डिसेंबरात तुम्हीच म्हणालात, याच खोलीत. चांगला माणूस पाठीशी येईल की मग. उलटं काय त्यात?"

दोघंतिघं खाली मान घालून हसले.

प्रुएट साहेब हसले नाहीत. "सत्तावीस वर्षांत अजून किती मोजमापं चुकलीत?"

"ही एक मला माहीत आहे."

"माहीत नसलेली?"

"ती मला कशी माहीत असणार, साहेब?"

"उजवा हात मोजायचा, हे सांगितलं कुणी तुम्हाला?"

माझ्या हातात डबा होता आणि तो वाजू नये म्हणून मी पोटाशी दाबून धरला होता. ऑर्लिनने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"टेप माझ्या हातात होती," तो म्हणाला. "चूक माझी. माझ्यावर काय राग काढायचा तो काढा, पोराचं नाव लावा."

प्रुएट साहेबांनी कागद दोनदा वाचला. माझी सही बोटाने तपासली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "नाव लावा. चौथ्या रांगेत. टेक्सासला सांगा, सोमवारपर्यंत थांबा."

मी डब्यातून ओल्गिनची पट्टी काढून लावली. पट्टी वाकडी बसली. मी सरळ केली.

टेक्सासवाले सोमवारपर्यंत थांबले नाहीत. रविवारीच त्यांनी रेन दुसऱ्याला देऊन टाकला. प्रुएट साहेबांनी फोन आपटला आणि तीन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. आता आमच्याकडे पहिल्या फेरीच्या निवडी शाबूत होत्या, आणि क्वार्टरबॅक म्हणून भिंतीवर चौथ्या रांगेतली एक पट्टी. ड्राफ्टच्या पहिल्या रात्री आम्ही अलाबामाचा एक अगडबंब अडवणारा उचलला. शनिवारी दुपारी चौथी फेरी आली. आमच्या आधी सहा संघ होते, आणि ऑर्लिन भिंतीला पाठ लावून उभा राहून त्यांची नावं पुटपुटत होता. सहाव्याने एक क्वार्टरबॅक घेतला. दुसराच कुणीतरी. ऑर्लिनने डोळे मिटले आणि उघडले.

"ओल्गिन," प्रुएट साहेब फोनवर म्हणाले.

ऑर्लिनने टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणाच्या गळ्यात पडला नाही. माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "पट्टी मला दे." मी दिली. त्याने ती खिशात घातली आणि घरी गेला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला बोलावणं आलं. प्रुएट साहेब उर्मट बोलले नाहीत, असं तोच सांगतो. एका आकड्यावर शंका आली की सगळ्या वह्यांवर येते, असं काहीसं ते म्हणाले. करार वाढवला नाही. ऑर्लिन दोन खोकी घेऊन खाली आला, गाडीत ठेवली, आणि मला हात करून निघून गेला. त्याच दुपारी मी खण उघडून नवा फॉर्म टाइप केला. सातवी ओळ: वीत (फेकण्याचा हात). प्रुएट साहेबांनी त्याकडे न बघताच सही केली. फॉर्म कुणी केला होता, हे आजतागायत मला कुणी विचारलेलं नाही.

ऑगस्टमध्ये सरावाचं शिबिर लागलं. लोकांना कुंपणाबाहेरून बघता येतं. तिसऱ्या दिवशी मी डबा खायला बाहेर आले तर ऑर्लिन कुंपणाला टेकून उभा, सगळ्यांपासून लांब, गोलपोस्टच्या मागे. आत अडान फेकत होता. तिसऱ्या क्रमांकाचा होता, पुढे काय होईल कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ऑर्लिनपाशी गेले आणि आता नाही तर कधीच नाही असं वाटून बोलून टाकलं.

"ऑर्लिन, तो फॉर्म मी केला होता. उजवा हात मी घातला होता. मी तिथे उभी होते आणि तोंड उघडलं नाही."

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात म.क. अशी तुझी आद्याक्षरं असतात. एकोणीस वर्षं भरतोय तो कागद. वाचता येतं मला."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस? तुझी नोकरी गेली, ऑर्लिन."

"साक्षीदाराची सही कुणाची होती? तुझी. फॉर्म हिनेच चुकवला असं मी म्हटलं असतं, तर प्रुएट म्हणाला असता, चूक करणारीही हीच आणि साक्ष देणारीही हीच. कागद फाडून टाकला असता त्याने. पोरगा डब्यातच राहिला असता." तो अजूनही मैदानाकडेच बघत होता. "त्याच्यासाठी गप्प बसलो मी. तुझ्यासाठी नाही. उगाच रडू नकोस."

मी रडत होतेच. अडानने लांब फेक केली. चेंडू सुरेख फिरत गेला आणि पकडणाऱ्याच्या हातभर पुढे पडला.

"पुढचा पाय उशिरा टाकतोय," ऑर्लिन म्हणाला. "वही घरी राहिली माझी. लिहून घे कुठेतरी."

मी पर्समधून पेन काढलं आणि डब्याच्या कागदी पिशवीवर लिहून घेतलं.